जाकड आणलेलं कार्ड

आमच्या धुळ्यात साडी विकत घ्यायच्या आधी घरी पाहुणी म्हणून यायची. दुकानदार सहा-सात साड्यांचं गाठोडं बांधून द्यायचा, बायका घरी त्या खांद्यावर टाकून बघायच्या, आणि पसंत पडेल ती ठेवून बाकीच्या परत पाठवायच्या. याला जाकड आणणं म्हणत. नियम दोनच: घडी मोडायची नाही आणि कुंकू लावायचं नाही. कुंकू लागलं की वस्तू घरची झाली, मग ती परत न्यायला कुणी धजत नसे.

नव्वदीच्या शेवटी, ऐन लग्नसराईत, आमच्या ह्यांनी याच पद्धतीने जळगावच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून ग्राफिक्स कार्ड आणलं. नुकतंच बाजारात आलेलं, जिल्ह्यात पहिलंच, असं तो म्हणाला होता. असे लोक नेहमी असंच म्हणतात. आमच्या पुढच्या खोलीत पत्र्याखाली एक कॉम्प्युटर होता. त्यावर मी लग्नपत्रिका जुळवायची आणि हे छापखान्यात पोचवायचे. त्या मोसमाच्या कमाईतून कूलर घेऊ, असं ह्यांनी मला पाडव्याला कबूल केलं होतं. कूलरच्या जागी तळहाताएवढी हिरवी पाटी आली.

"घेतलं नाहीये गं, फक्त तपासायचंय. आखाजीला सांगायचं, ठेवतो की परत करतो," हे म्हणाले. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती.

मी काय ते समजले. दोन्ही वस्तू झेपणाऱ्या नव्हत्या. कार्ड राहिलं की माझा कूलर गेला.

सासरे, म्हणजे नाना, जन्मभर ट्रक चालवलेले. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"हाई एव्हरेज कितलं देस?"

"नाना, याला डिझेल लागत नाही. याने पडद्यावर चित्रं भराभर उमटतात."

"मंग भाडं कोन देई?" असं विचारून नाना अंगणात निघून गेले. मला त्या घरात इतका पटलेला प्रश्न दुसरा आठवत नाही.

मग तपासणी सुरू झाली. माझी कसोटी साधी होती. पत्रिकेवरचा गणपती आमच्या मशीनवर हप्त्याहप्त्याने यायचा. आधी सोंड, मग पोट, आणि मी फोडणी देऊन परत येईपर्यंत उंदीर. नवं कार्ड बसवल्यावरही गणपती तितक्याच निवांतपणे आला. उंदीर तर मला वाटतं जरा उशिराच आला. मी निकाल देऊन टाकला: नापास.

पण ह्यांची कसोटी वेगळी. त्यांनी मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ चालू केला. काय सांगू, मोटारीच्या टपावर ढगांची सावली सरकत होती! हे खुर्चीतल्या खुर्चीत वळणाबरोबर झुकत होते. तेवढ्यात पडद्यावर पट्टे उमटले आणि सगळं गोठलं. कार्डाला हात लावला तर तवा.

"कार्डात खोट नाही, खोलीत आहे," हे म्हणाले आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन उचलून कॉम्प्युटरच्या उघड्या पोटासमोर ठेवला. धुळ्याचा उन्हाळा, वर पत्रा, घाम कीबोर्डवर ठिबकतोय आणि मी टाइप करतेय, 'आपल्या उपस्थितीने आनंद द्विगुणित होईल'. माझा आनंद त्या आठवड्यात कुणी मोजायला नको होता. पंख्यानेही भागेना. शर्यत दुसऱ्या फेरीत गोठायची.

मग ह्यांच्या डोक्यात आलं की तपासणी नीट व्हायची तर हवा थंड पाहिजे. संध्याकाळी हातगाडीवरून मोठा लोखंडी कूलर आला. तोही जाकड! मी धावत जाऊन त्यात ओतायला पाण्याची बादली भरून आणली, पण माझा आनंद टिकला नाही. कूलरच्या वाऱ्यात कार्ड असं चाललं की विचारू नका. हे सलग शर्यती जिंकत सुटले. माझ्याच कूलरने माझ्या वैऱ्याला पास केलं.

"ठरलं, कार्ड ठेवू. पाऊस लागला की कूलर अडगळीत, कार्ड बारमाही. आखाजीला सकाळी हातगाडीवाला येऊन कूलर घेऊन जाईल."

"आणि कूलर गेल्यावर पुन्हा गोठलं तर?" मी विचारलं.

"पहाटे खेळेन," हे म्हणाले. असल्या माणसाशी कुठे भांडणार? तरी भांडले. भांड्यांचे आवाज शेजारपर्यंत गेले.

हे सगळं चालू असताना सासूबाई, ज्यांना अख्खं घर अक्का म्हणायचं, चुलीपुढून हलल्या नव्हत्या. त्या कोणाच्या बाजूच्या तेच कळत नव्हतं.

आखाजीला अक्कांनी मागच्या दारी घागर पुजली. हातगाडीवाला अंगणात येऊन उभा राहिला. हे कूलरची वायर गुंडाळू लागले, तोच अक्का पूजेचं ताट घेऊन पुढच्या खोलीत आल्या, आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी कूलरच्या कपाळावर हळद लावली, कुंकू लावलं, वर एक फूल ठेवलं.

"अक्का! हे काय केलं?" हे ओरडलेच.

"कुकू लाई दिधं," अक्का शांतपणे म्हणाल्या. "आते परत कसं देवाऊ?"

"मग कार्डाला का नाही लावलं?"

"त्याले कितलंसं कपाय शे?"

दारातून नाना एवढे हसले की त्यांना ठसका लागला. हातगाडीवाला रिकामी गाडी घेऊन गेला. ह्यांनी तोंड पाडून कार्ड खोक्यात घातलं आणि दुपारच्या बसने जळगावला नेलं. मला थोडी त्यांची दया आली. थोडीच.

मी वायर सोडवून कूलर चालू केला. अक्का खुर्चीवर कधी बसत नसत. त्या फरशीवर कूलरसमोर बसल्या आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. त्यांचे पांढरे केस उडू लागले. आठवडाभर मी फक्त माझ्याच घामाचा विचार करत होते, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. बराच वेळ डोळे मिटून बसल्यावर त्या म्हणाल्या,

"इतला वारा व्हता दुनियामा, अन् माले कोन्ही सांगं नही."

मी कूलरच्या पट्ट्या त्यांच्याकडे वळवल्या आणि पोळ्या करायला चुलीपाशी गेले.