भाऊच्या गाडीची चावी

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आलो, हे आधीच कबूल करतो. धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत आमचं घड्याळाचं दुकान आहे. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते पन्नास वर्षं चालवलं. आता मी बसतो. “म्हातारा गेला त्याच मिनिटाला भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं हो...” असं डोळे मोठे करून सांगणारं गिऱ्हाईक वर्षाला दोन-तीन तरी येतं. मी मागचं झाकण उघडतो आणि पाणी सुटलेला सेल त्याच्या हातावर ठेवतो. झालं, भूत पळालं! हल्ली घड्याळांपेक्षा गाड्यांच्या रिमोटवाल्या चाव्याच सेल बदलायला जास्त येतात. तिथेही न्याय तोच. सेल संपला की वस्तू बंद, नवा घातला की चालू.

माझा मोठा भाऊ... घरात त्याला सगळे भाऊच म्हणत... नरडाण्याच्या एमआयडीसीत नोकरीला होता. रोज गाडीने जाऊन-येऊन. संध्याकाळी घराखाली गाडी लॉक केल्याचं टुक-टुक ऐकू आलं की वहिनी तव्यावर भाकरी टाकायची. गेल्या वर्षी तो हार्ट अटॅकने गेला. सेहेचाळीस हे काही जायचं वय नाही. मला अजूनही त्याचा राग येतो, खरं सांगतो.

वहिनी पाचोऱ्याची. माहेरचे न्यायला आले होते, ती गेली नाही. भाऊच्या कंपनीने तिला स्टोअरमध्ये घेतलं. पण शिफ्टच्या वेळा अशा की बस धरायची म्हणजे रोजची परीक्षा. जी बाई स्कुटीला हात लावायला घाबरायची, ती क्लास लावून गाडी शिकली आणि तेराव्यापासून झाकून ठेवलेली भाऊची गाडी तिने बाहेर काढली. सात महिने एकटी हायवेने जात-येत होती. लोक विचारायचे, एवढी हिंमत आली कुठून? मी म्हणायचो, गरज सगळं शिकवते. मला काय माहीत होतं, कप्पाळ!

एका रविवारी दुपारी ती दुकानात आली. म्हणाली, चावी कमजोर झाली आहे. आधी वर गॅलरीतून बटण दाबलं तरी गाडी उघडायची, आता अगदी जवळ जावं लागतं. मी म्हटलं, आणा, दोन मिनिटांचं काम. ती काही बसेना. बंद नाही ना पडायची, असं दोनदा विचारलं. “वहिनी, सेल बदलतोय, ऑपरेशन नाही करत,” मी चेष्टा केली. तेवढ्यात तिला कोणाचा तरी फोन आला म्हणून ती बोलत बोलत गल्लीच्या टोकाला गेली.

मी चावी उघडली. आत सेल नव्हता.

पडला असेल म्हणून मांडीवर पाहिलं, काउंटरखाली पाहिलं, चटई झटकली. मग डोळ्याला भिंग लावलं. सेलच्या जागी, दोन्ही पट्ट्यांवर बारीक धुळीचा थर होता, कुठे ओरखडासुद्धा नाही. तिथे कित्येक महिन्यांत काही बसलेलंच नव्हतं. गाडी सुरू व्हायला हा सेल लागत नाही, त्याची चिप वेगळी असते, हे मला माहीत आहे. पण बटण दाबून लॉक उघडायला सेल लागतोच. त्याला पर्याय नाही. आणि वहिनी तर नुकतीच गाडी लॉक करून आत आली होती; टुक-टुक मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

मी ती रिकामी चावी तशीच बंद केली, पायरी उतरलो, गाडीपासून चार पावलांवर उभा राहिलो आणि बटणाकडे अंगठा नेला.

गाडी उघडली... अंगठा टेकायच्या आत.

परत येऊन खुर्चीवर बसलो आणि डोकं चालेना तेव्हा माणसाचा हात जे रोज करतो तेच करतो, तसं माझं झालं. पाकीट फोडलं, नवा सेल बसवला, चावी बंद केली. कोणाला काही विचारलं नाही. वहिनी आली तेव्हा म्हटलं, झाली. तिने पायरीवरूनच बटण दाबलं, गाडी लगेच उघडली. तिने पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. मग मला म्हणाली, “भाऊजी, काय केलं तुम्ही?”

मी म्हटलं, सेल घातला. ती गाडी घेऊन निघून गेली.

संध्याकाळी घरी गेलो तर वहिनी नानांसमोर बसली होती. भाकरी तशाच झाकलेल्या. मी नानांना विचारलं, चावीतला सेल कोणी काढला होता? नाना उठले आणि कपाटातून कागदाच्या दोन पुड्या घेऊन आले. आमच्या दुकानाची ही जुनी रीत आहे. गेलेल्या माणसाचं घड्याळ घरच्यांना जपून ठेवायचं असेल तर नाना त्यातला सेल काढून देतात, म्हणजे त्याचं पाणी सुटून मशीन खराब होत नाही. तो सेल कागदात बांधायचा आणि वर तारीख घालायची. पुड्यांवर भाऊच्या तेराव्याची तारीख होती. एकीवर लिहिलं होतं ‘घड्याळ’, दुसरीवर ‘चावी’.

“मीच काढेल व्हता,” नाना म्हणाले. “मंग ती गाडी शिकनी. पहिल्या दिवशी मी गॅलरीतून पाह्यं, गाडी उघडनी. माले समजनं. पोर कामले जाई ऱ्हायनी व्हती, मंग मी काय बोलू? एक डाव माले इचाराले पाहिजे व्हतं तुनी.” शेवटचं त्यांनी माझ्याकडे पाहून म्हटलं.

मी दोन्ही सेल मीटरला लावले. एकाच दिवशी काढलेले, एकाच कपाटात ठेवलेले. घड्याळाचा अजून चांगला भरलेला होता. चावीचा पार संपलेला... शून्य. पुडीत बांधून ठेवलेला सेल असा संपत नाही. वर्षानुवर्षं संपत नाही. कोणी वापरला तरच संपतो.

वहिनी तेव्हा बोलली. “मी बटण दाबायच्या आत उघडायची ती. रोज. म्हणून मी एकटी जायचे. लांबून उघडेनाशी झाली तेव्हा वाटलं, हे दूर चालले. थांबावेत म्हणून तुमच्याकडे आणली हो.”

मी, चाळीस वर्षांचा बाप्या, मान खाली घालून रडलो.

त्याच दिवशी नवा सेल काढून टाकला. गाडी उघडली नाही. मग नाना, ज्यांनी आयुष्यात कधी अंगाराही लावला नाही, त्यांनी एक कोरा सेल घेतला, ‘चावी’ लिहिलेल्या त्याच कागदात बांधला आणि पुडी कपाटात होती तिथे ठेवली. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं खाली गाडीपाशी उभे राहिलो. काही झालं नाही. नंतर पट्ट्या पुसल्या, दुसऱ्या कंपनीचा सेल पुडीत ठेवून पाहिला, जुना संपलेलाही पुन्हा ठेवला. माझ्या ओळखीच्या एका गाडीच्या मेकॅनिकला सगळं सांगितलं. तो म्हणाला, सेलशिवाय उघडूच शकत नाही. अरे बाबा, हे तर मीच लोकांना सांगत आलो!

वहिनी आठ दिवस कामावर गेली नाही. मग जायला लागली, न जाऊन भागणार नव्हतं. आता हायवेला मागून ट्रक आला की गाडी कडेला घेऊन थांबते म्हणते. चावीत सेल घालू देत नाही. मला यातलं काहीही उमगलेलं नाही, आणि कोणी उलगडून सांगितलंच तर त्याचा आता उपयोगही नाही. रोज सकाळी ती गाडीपाशी जाते, रिकाम्या चावीचं बटण एकदा दाबते, थोडं थांबते. मग चावीचं लोखंडी पातं दारात घालून फिरवते. मी गॅलरीत उभा असतो. नानांना आता गुडघ्यांमुळे तिथवर येता येत नाही, ते आतून विचारतात, “उघडनी का?”

मी नाही म्हणतो.