कड्याखालचा जांभळा डाग

ओनोरीनच्या खाणावळीत उतरलेला तेसिए खरंच चित्रकार असेल, यावर नॉर्मंडीच्या त्या मच्छीमार गावात कुणाचाच विश्वास नव्हता. हा माणूस सकाळ झाली की कड्यावर जाऊन बसायचा आणि डोळे बारीक करून खालच्या खडकांकडे पाहत राहायचा. ऊन सरकलं की हातातलं चित्र बाजूला ठेवून दुसरं घ्यायचा, पण बघायचा तिकडेच.

"जकातवाल्यांचा माणूस आहे हा," ओनोरीनचा भाऊ ओनेझीम म्हणाला. "समुद्र काय पळून चाललाय, इतकी राखण करायला?"

ओनोरीनच्या मनात पाल चुकचुकली. नवरा कॉडच्या मासेमारीला दूर गेला तो परतलाच नव्हता. तेव्हापासून खाणावळ तिने एकटीने चालवली होती, आणि नुसत्या मॅकरेलच्या कालवणावर ती चालत नव्हती. ओनेझीम इंग्रजी बोटींवरून चोरून तंबाखू उतरवायचा. माल लपायचा पलीकडच्या कड्याखालच्या गुहेत. तिचं तोंड ओहोटीलाच उघडं पडायचं, आणि तेसिए बसायचा नेमका त्याच्या समोर.

"ओहोटीची फार चौकशी करता तुम्ही," एकदा वाढताना ती म्हणाली.

"ओहोटीला खडक ओले असतात, बाई. त्यांचा रंग बदलतो."

खडक ओले असतात हे सांगायला पॅरिसहून माणूस यावा लागतो होय, असं ती मनाशी पुटपुटली.

एका दुपारी केरवाऱ्याच्या निमित्ताने ती त्याच्या खोलीत शिरली. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली चित्रं तिने वळवली. जवळून नुसते हिरवे-गुलाबी फराटे, रंगात कोंबडी नाचून गेल्यासारखे. ती दारापर्यंत मागे सरली आणि तिथून पुन्हा बघू लागली. समुद्र हलत होता. तिचा रोजचाच समुद्र. एका चित्रात खडकांच्या पायथ्याशी, अगदी त्या जागी, एक जांभळा डाग होता.

संध्याकाळी तिने ते चित्र त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवलं.

"हे कोणाला दाखवणार आहात?" डागाकडे बोट दाखवत तिने विचारलं.

"हे? ती सावली आहे."

"सावली कसली? गुहा आहे ती, आणि तुम्हाला पक्कं ठाऊक आहे."

तेसिएचा चमचा हवेतच थांबला. "तिथे गुहा आहे?" त्याने हळूच विचारलं.

 गावाने आजवर दाबून ठेवलेलं तिनेच बोलून टाकलं होतं.  तेसिएने सुरीने तो ओला डाग खरवडला, खोलीतून रंगपेटी आणली आणि तिथे पांढरा फेस काढला. "आता लाट आहे," असं म्हणून त्याने उरलेलं सूप संपवलं.

तिला हायसं वाटायला हवं होतं. पण डाग पुसणाऱ्याला सगळं उमगलेलं असतं, आणि उमगलेलं तो कुठेही बोलू शकतो. तिने ओनेझीमला सांगितलं.

"मला म्हणतेस तोंड आवर, आणि स्वतःच दवंडी पिटलीस," तो करवादला. दुसऱ्याच ओहोटीला त्याने माल जुन्या चुनाभट्टीत हलवला.

जकातवाले आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तेसिए मात्र आला, आणि त्याने तीच खोली मागितली.

"यंदा कुठे बसू, बाई?" त्याने सरळ विचारलं.

तिने दीपगृहाकडे बोट दाखवलं. तेसिएने तिकडे पाहिलं. मग सावकाश मान वळवून उलट्या बाजूला, चुनाभट्टीकडे पाहिलं, आणि दीपगृहाच्या वाटेला लागला. तो वळणाआड दिसेनासा होईपर्यंत ओनोरीन दारातच उभी होती.