‘अप’च्या वाक्यांतली माणसं

इंग्रजी क्रियापदानंतर ‘अप’ लागलं की शिकणाऱ्यांची भंबेरी उडते. गाइडमधल्या याद्या घोकून काही होत नाही, हे मी शाळेत शिकवत असल्यापासून घसा कोरडा करून सांगत आलेय. अर्थ डोक्यात बसायला वाक्यात घरची माणसं लागतात. म्हणून निवृत्तीनंतर कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये शिकवणी सुरू केली, तेव्हाही मी माझी जुनीच वाक्यं चालू ठेवली. माय हज्बंड वेक्स मी अप. माय हज्बंड पिक्स मी अप फ्रॉम द स्टेशन. माय सन ईट्स अप ऑल द फिश. फळ्यावर आमचं घर अगदी नांदतं असायचं.

प्रत्यक्षात मिस्टरांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा परदेशात स्थायिक झाला होता. तो फोन करतो तेव्हा हमखास गाडी चालवत असतो. काही सांगायला घ्यावं तर त्याचं ऑफिस येतं.

मध्यंतरी जवळच्या गव्हाण गावची एक तरुण सून दुपारी शिकायला यायला लागली. घरची होडी, सासू मासळी विकणारी. हिला विमानतळाजवळच्या हॉटेलात काउंटरवर नोकरी हवी होती. डोकं तल्लख. ‘ईट’ म्हणजे खाणं आणि ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणं, ताटात काही उरायचं नाही, एवढं सांगितलं की लगेच म्हणायची, “मंग यूज अप म्हंजे वापरून संपवनं. माजा दीर साबन यूज अप करतो.”

पण वाक्य समजलं की ती थांबत नसे. “साहेब रोज उठवतात तुमाला? नशीबवान हाय तुमी,” असं म्हणायची. मी खडू उचलून पुढचं वाक्य लिहायची.

तिचा गैरसमज झालाय हे मला कळत होतं. तो दूर करायची माझी इच्छा नव्हती. बिल्डिंगमध्ये मी ‘त्या एकट्या राहणाऱ्या मॅडम’. जगात या एकीला तरी माझं घर भरलेलं वाटत होतं. तिच्या मनात आम्ही तिघं अजून एकत्र जेवायला बसत होतो, आणि ते मला मोडायचं नव्हतं.

तिला नोकरी लागली. शेवटच्या दिवशी ती पेढ्यांऐवजी भलामोठा डबा घेऊन आली. तो माझ्या हातात दिला; आत तळलेली पापलेटं होती.

“सासूनं केलीत. तुमचा पोरगा समदी खातो ना, म्हनून जास्त आनलीत. मारा त्याला हाक, गरम हायत तवर.”

तेव्हाच खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. त्याऐवजी मी आतल्या खोलीकडे तोंड करून त्याला हाक मारली. घरातल्या, लाडक्या नावानं. ते नाव मी किती वर्षांत असं मोठ्यानं उच्चारलं नव्हतं! फोनवर कोणी कोणाला हाक मारत नाही.

आत काही हललं नाही. ती वाट पाहत उभी राहिली. आणि सांगायलाही कसंतरी वाटतं, मीही राहिले.

मग तिनं दाराशी नजर टाकली. तिथं तिच्या चपला होत्या आणि माझ्या.

“कोनी नाय ना, मॅडम?”

मी मान हलवली. रडू आवरेना. मी खुर्चीत बसून फळ्याकडे बघत राहिले. तिनं माझ्या हातातला डबा घेतला आणि न विचारता स्वयंपाकघरात गेली. भांडी वाजली, नळ सुरू झाला.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, “मॅडम, ताटं कुठं ठेवता तुमी? मी जेवून जाते.”