ज्या पाळण्याखाली रांग नव्हती

लहानपणी आमच्या गावच्या नदीकाठी, गंगेवरच्या जत्रेत ताई पाळण्यात बसायची आणि मी खाली रांगेजवळ उभी राहायचे. मला चक्कर यायची. रांगेत ढकलाढकली, भांडणं, रडकी पोरं, पण पाळणा वर जाऊन जरा जास्त वेळ थांबला, की सगळी रांग एका आवाजात ओरडायची, "अहो, उतरवा त्यांना!"

पुढे ताई अंबडला कारखान्यात नोकरीला लागली आणि मी कॉलेजात गेले, तेव्हा शहराबाहेर करमणुकीची एक मोठी बाग झाली होती. आम्ही गेलो तो सुट्टी नसलेला आडवार होता. तिथे रांगा नव्हत्याच. दारातच प्रत्येक खेळाची वेळ छापलेलं टोकन मिळायचं आणि त्या वेळेलाच जायचं. आत शिरल्यावर मला कसंतरीच झालं. गाणी मोठ्याने लागलेली, आणि माणसं अशी विखुरलेली की कोणाचाच आवाज येत नव्हता.

ताईची वेळ झाली तशी पर्स माझ्याकडे देऊन ती आकाशपाळण्याकडे निघाली. पाळण्याचं टोकन मी घेतलंच नव्हतं, तरी मागोमाग गेले, तर रखवालदाराने अडवलं.

"टोकन नसेल तर इथे थांबता येणार नाही, मॅडम. तिकडे बसा."

मी पाळण्यापासून लांब, चहाच्या टपरीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने गाणी एकदम बंद पडली.

"लोडशेडिंग," चहावाला म्हणाला. "जनरेटर लावतील आता."

जनरेटर काही लागला नाही. चहा संपला तरी ताईचा पत्ता नाही. मी परत फाटकाशी गेले.

"या वेळेचे सगळे उतरले," रखवालदार म्हणाला.

"माझी बहीण नाही उतरली."

"गेली असेल दुसऱ्या खेळाकडे."

मी सगळी बाग पालथी घातली. पाण्याच्या खेळांकडे पाहिलं, बाथरूमची दारं वाजवली. परत येताना सहज वर पाहिलं, तर सगळ्यात वरच्या पाळण्याच्या जाळीतून ताईची पिवळी ओढणी बाहेर फडफडत होती.

मी किंचाळले तेव्हा पाळण्याचा चालक धावत आला. वीज गेल्यावर त्याने चाक हाताने ढकलून खालचं एक कुटुंब उतरवलं होतं आणि बाकीचे पाळणे रिकामे समजून तो जनरेटरशी झटायला गेला होता. आता त्याने आणि रखवालदाराने मिळून चाक ओढलं. ताई खाली आली. जाळीवर आपटून तिचे तळहात सोलवटले होते आणि घसा पार बसला होता.

"तू दिसत होतीस मला," ती म्हणाली. "चहा पीत होतीस. मी किती हाका मारल्या!"

तेवढ्यात वीज आली, गाणी सुरू झाली, आणि पुढच्या वेळेची माणसं टोकनं दाखवत हसत आत शिरली. ताईने एका बाईचा दंड धरला. "नका बसू हो." बाईने चमकून हात सोडवून घेतला आणि मुलीला घेऊन पाळण्यात बसली. आमच्यादेखत कडी लागली.

आम्ही बसने परत निघालो. शहरातल्या द्वारका चौकात उतरलो. रिक्षा समोर उभी होती, पण ताई हलेना. फळवाले ओरडत होते, गाड्यांचे हॉर्न वाजत होते, येणारे-जाणारे धक्के मारून जात होते.

"चल ना गं," मी म्हटलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "इथे माणसं आहेत."