शेजारची बाई

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बोलता येतंय का? असेलही.

माझा मोठा भाऊ सुनील धरणगावला आईजवळ असतो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. कॉलेज सोडून घरी बसला तेव्हा एकच भीती त्याला खायची — घरातली माणसं कुणीतरी बदलतंय. आई दिसते आईसारखी, पण ती आई नाही. खात्री करायला तो तिला जुन्या गोष्टी विचारत बसायचा. माझ्यावर मात्र त्याने कधी संशय घेतला नाही. “वैशू खरी शे,” म्हणायचा. पुढे गोळ्या लागू पडल्या आणि ती भीती निवळली.

मी लग्न होऊन धुळ्याला आले. भाऊ सुरतेला नोकरीला आहे, असं सासरी सांगितलेलं. ते खोटं आम्ही सगळ्यांनी मिळून बोललो होतो. पुढचं माझं एकटीचं आहे.

जळगावच्या डॉक्टरांनी त्याला एकदा डोळे तपासायला बोलावलं. आईचे गुडघे धरले होते, म्हणून मी सोबत गेले. त्याच्या डोळ्यांत थेंब टाकले, हनुवटी यंत्रावर टेकवून फोटो काढले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला पडद्यावर दाखवलं — नारिंगी गोल आणि त्यात मुळ्यांसारख्या शिरा. म्हणाल्या, “डोळ्याचा हा मागचा पडदा म्हणजे मेंदूचाच भाग. इथून थोडं आत डोकावता येतं. यावरून आजाराचं निदान होत नाही अजून, पण समजून घेतोय. सख्ख्या भावंडांचे डोळेही बघतो आम्ही, त्यांना आजार नसला तरी. तुम्ही सख्ख्या बहीण ना?”

आणि माझ्या डोळ्यांपुढे धुळ्याला ठेवून आलेली माझी लेक आली. माझ्याही डोळ्यात काही निघालं तर? मग तिच्या?

“नाही,” मी म्हणाले. “मी शेजारची. यांच्या आईला बरं नाही, म्हणून आले.”

सुनील मागे बाकावर डोळे मिटून बसला होता. त्याचं लक्ष नाही, असं मी धरून चालले. खरंच तसं वाटलं होतं — की वाटून घेतलं?

परतीच्या बसमध्ये तो माझ्याकडे वळला. थेंबांमुळे त्याला जवळचं धूसर दिसत होतं. तोंड अगदी जवळ आणून तो माझा चेहरा बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मंग मनी बहीन कोठे शे?”

तेव्हा सांगता आलं असतं. मीच रे ती, खोटं बोलले, घाबरले. पण बसमध्ये गावची माणसं होती. मी म्हणाले, “डोळे मीट. घर येईल आता.”

त्याने मिटले.

धरणगावला घरी पोचल्यावर तो माझ्या हातची गोळी घेईना. मग आईच्याही हातची. “वैशूले कोठे ठेवं?” म्हणत त्याने ताट भिरकावलं, आईच्या कपाळाला लागलं. शेवटी दवाखान्यात ठेवावं लागलं. इतका बरा होता, मध्ये काही घडलं का — डॉक्टरांनी आम्हा दोघींना विचारलं. आई कपाळाची पट्टी चाचपत माझ्याकडे बघत होती.

“काही नाही,” मी म्हणाले.

आईला अजून वाटतं, तिच्याकडूनच गोळ्या द्यायच्या राहिल्या असतील.

आता तो पुष्कळ बरा आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी जाते. पूर्वी दारातूनच ‘वैशू, कवय उनी तू?’ — कधी आलीस — म्हणून ओरडायचा. आता उठून खुर्ची पुढे करतो. “या, बठा,” म्हणतो आणि बाजूला उभा राहतो. आई खूश होते — सासुरवाशीण बहिणीला मान द्यायला शिकला म्हणते.

मी बसते.