भज्याखालचा कागद

सुमनअक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई, गेल्या त्याला आता दीड महिना होईल. शेवटची भेट कराडच्या दवाखान्यात झाली. शेजारच्या कॉटवरच्या बाईंचा मुलगा वर्तमानपत्रात बांधलेले वडे घेऊन आला, आणि अक्कांनी त्या अवस्थेतही तोंड फिरवलं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "शोभा, तिसऱ्या दिवशी कावळ्याला माझा घास ठेवशीला न्हवं… त्याच्याखाली पेपर घालू नगंसा. बटर पेपर घे. कपाटात हाय." मी म्हटलं, "आवं अक्का, आसलं काय बोलताय?" पण शब्द दिला.

किळस हा अक्कांचा स्वभावच होता. भाऊजी फौजेत होते तेव्हा क्वार्टरमधल्या शेजारणीकडून त्या केक शिकल्या, आणि आष्ट्याला परतल्या त्या ओव्हन आणि बटर पेपरची गुंडाळी घेऊनच. कागदाची चौघडी घालायची, पंख्यासारखी दुमडायची, टोक डब्याच्या मधोमध धरून कडेला कात्री मारायची. उलगडला की डब्याच्या बुडाएवढा गोल तयार. नानकटाई असो, केक असो, त्यावरून अलगद सुटून यायचा. कुणी चुकून मेणाचा कागद आणला तर म्हणायच्या, "ह्यो ओव्हनात वितळतोय. मेणबत्ती खायाची हाय व्हय?"

एकदा मलकापूरला पुतणीच्या घरी वाढदिवस होता. पुतणीनं हौसेनं केक केला, पण डब्यात तेल लावून वर्तमानपत्र घातलेलं. अक्कांनी आपला तुकडा उलटा केला. बुडाला उलटी अक्षरं उमटली होती, पिवळ्या केकवर काळी शाई. "मयताची बातमी हाय का खुनाची, वाचून बघा आन् मग खावा," असं म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली. पुतणी रडवेली झाली, बाकीच्यांनी 'लय नखरं' म्हणून नाकं मुरडली. पण मी ती अक्षरं पाहिली होती. तेव्हापासून गाड्यावरचं तेलकट, शाई सुटलेलं पुडकं पाहिलं की मीही तोंड फिरवते.

तर तिसरा दिवस. रक्षाविसर्जनाला मी बटर पेपर पिशवीत घालून नेला होता. पाहते तो पाहुण्यांनी आधीच घास मांडलेला. अक्कांना आवडायची म्हणून कांदाभजी आणलेली, तीही स्टँडजवळच्या गाड्यावरची, वर्तमानपत्रासकट पसरलेली. पान निधनवार्तांचं. ओळीनं फोटो, आणि त्यातल्या एका म्हाताऱ्याच्या कपाळावर तेल पसरत चाललेलं… शी! मी पुढं झाले तर चुलतसासरे, तात्या, म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं सूनबाई. कावळ्याला काय कळतंय?"

"तात्या, अक्कांनी सांगून ठेवलंय."

"मागं सर. कावळा यायचा न्हाई तू हुबी ऱ्हायलीस तर."

मला वाटलं, आता कावळा शिवणार नाही. सगळे तासभर ताटकळतील, मग माझी आठवण होईल. कसलं काय! मी मागं सरते न सरते तोच कावळा आला आणि त्यानं थेट भज्यातच चोच घातली. "शिवला! सुटली बाई," म्हणून सगळ्यांनी हात जोडले. मी नाही जोडले. जी बाई जिवंतपणी ते पुडकं हातात धरायची नाही, ती तृप्त झाली म्हणे! मला कावळ्याचीसुद्धा शिसारी आली, खोटं कशाला बोलू?

परवा आष्ट्याला गेले होते. भाऊजी एकटेच जेवत होते. ताटात भाकरी, आणि भाकरीखाली अक्कांनी कापून ठेवलेला बटर पेपरचा गोल. मी त्या गोलाकडं पाहिलं तर म्हणाले, "सवय लागलीया गं…" जेवण झाल्यावर त्यांनी तो गोल पुसून पुन्हा कपाटात ठेवला.

हे लिहिताना मला एकच भीती आहे. हा लेख रविवारी पुरवणीत येईल, सोमवारी रद्दीत जाईल आणि मग कुठल्यातरी गाड्यावर. तिथं अक्कांच्या नावावर तेल पसरेल. म्हणून हात जोडून सांगते, वाचून झाल्यावर या कागदानं काचा पुसा, नाहीतर बंबात घाला, जळू दे. पण भज्याखाली अक्कांना घालू नका.