बावखलातला दगड

आमच्या इमारतीत टँकर आला की समोरच्या फ्लॅटमधले भाऊ खाली यायचे. टँकरवाल्याने बादलीभर पाणी काढून समोर ठेवलं की डाव्या हाताचं मधलं बोट त्यात बुडवायचे, बोट नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ आम्ही सगळे गप्प. मग निकाल लागायचा. "प्यायला चालंल," किंवा "संडासाला चालंल." क्वचित ते काहीच बोलत नसत. बोट लेंग्याला पुसत आणि जिना चढू लागत. मग आम्ही टँकर परत पाठवायचो.

तुम्ही वसई-विरारच्या बाजूला राहत असाल, तर असा माणूस शेजारी असणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. नसाल, तर एवढंच समजा की डॉक्टरपेक्षा आम्हाला त्यांची जास्त गरज पडायची.

आमची इमारत उमेळ्यात, त्यांच्याच वाडीच्या जागेवर उभी आहे. जिथे आता लिफ्ट आहे तिथे त्यांच्या केळी होत्या. वाडीत दोन बावखलं होती, म्हणजे झाडांना शिंपण्यासाठी पूर्वजांनी खणलेली गोड्या पाण्याची तळी. एक आमच्या पार्किंगखाली गेलं. दुसरं कुंपणाच्या भिंतीपलीकडे अजून आहे. जागेच्या बदल्यात बिल्डरने त्यांना दुसऱ्या मजल्यावर, बरोबर माझ्या समोरचा फ्लॅट दिला. दारावर लाकडी क्रूस, दाराबाहेर एकच चपलांचा जोड. लग्न केलेलं नव्हतं. घरात पाण्याला 'पानी' म्हणत वाढलेला माणूस, आमच्याशीही तसंच बोलायचा.

मी अकरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी. नोटिसा मी लावायचो, मीटिंगा मी घ्यायचो, गच्चीची गळती मी काढली. लोक माझं ऐकत. पण विचारत त्यांना. हा फरक मला फार झोंबायचा. त्यांच्या हे गावीही नव्हतं. मला ते "सेक्रेटरी" म्हणूनच हाक मारत, आणि त्यात टोमणा नव्हता, हेही मला झोंबायचं.

मग तो मासा आला.

तिसऱ्या मजल्यावरचं भाडेकरू जोडपं बंगळुरूला निघालं होतं. ना-हरकत पत्रावर सही घ्यायला माझ्याकडे आलं, तेव्हा त्या मुलीच्या हातात लोणच्याची काचेची बरणी होती. आत निळा फायटर मासा, शेपटीला लाल झाक. "काका, याला कुणी ठेवून घेईल का?" तिने विचारलं. माझी बायको आतून आली आणि तिने हात पुढे केला. तिचा तो हात मी पाहिला. तरी म्हणालो, "आमच्याकडे नको ही ब्याद."

जोडप्याने समोरची बेल वाजवली. दार उघडलं. "पाहुना आलाय, तर राहू दे," एवढंच ऐकू आलं आणि दार लागलं.

इथे माझ्या बायकोबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचं घराबाहेर पडणं बंद झालं होतं. मुलगा परदेशी. आमच्यात "गोळी घेतली का?" आणि "जेवायला या" एवढंच बोलणं उरलं होतं. तिची तक्रार नव्हती. मला वाटायचं, हे असंच असतं.

त्यांनी माणिकपूरच्या दुकानातून दोन फुटी काचेची टाकी आणली. तळाशी घालायची खडी, बुडबुडे सोडणारा छोटा पंप आणि पाणी गाळणारा स्पंज आणला. दुकानदार म्हणाला होता, आज पाणी भरा, ही बाटली ओता, उद्या मासा सोडा. त्यांनी बाटली परत केली. "नव्या पान्यात जीव सोडायचा नसतो," ते म्हणाले. नळाचं पाणी त्यांनी दिवसभर बादल्यांत उघडं ठेवलं, मग टाकीत भरलं. दुसऱ्या दिवशी ओल्या गोणपाटात गुंडाळून एक दगड घेऊन आले. भिंतीपलीकडच्या बावखलातला, नारळाएवढा, वरून बुळबुळीत हिरवा.

पाच-सहा शेजारी बघायला जमले होते. मीही होतो. मी विचारलं, ही घाण कशाला?

त्यांनी उत्तर मला दिलं नाही. माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, "वहिनी, दुधाला विरजन लावता ना? तसं."

ती हसली. मोठ्याने नाही. पण ते हसू मी फार दिवसांनी पाहत होतो, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

त्यानंतर पाच आठवडे टाकीत मासा नव्हता. मासा बरणीतच होता. रोज त्याचं निम्मं पाणी बदललं जायचं. आणि पाच आठवडे माझी बायको रोज दुपारी चारला चपला घालून, भिंतीला धरत, समोर जायची. मी एकदा विचारलं, रिकाम्या टाकीत बघण्यासारखं काय आहे? "पाणी मुरतंय," ती म्हणाली. ते काय बोलतात, हे विचारायचं मी टाळायचो. पण माझ्या घराचं लाकडी दार उघडं ठेवायचो, नुसती जाळी लावून. आणि पेपर घेऊन दारापाशीच्या खुर्चीवर बसायचो. अकरा वर्षांत मी त्या खुर्चीवर कधी बसलो नव्हतो.

एकदा त्यांनी मला हाक मारून आत नेलं. बरणीमागे स्टीलचा डबा होता, त्यात स्वतःचं प्रतिबिंब बघून मासा कल्ले फुगवत होता, पंख ताणत होता. त्यांनी डबा काढला आणि बरणीला मागून जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवला. "सोताशीच भांडतो, सेक्रेटरी. समोर कोनीच नसतं. दमून जातो बिचारा." मी हसलो. बोलण्याचा रोख माशापुरताच होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी घरी येऊन मी खुर्ची दारापासून हलवली. दोन दिवसांनी परत आणली.

मासा सोडायचा दिवस त्यांनी बोट बुडवूनच ठरवला. पाण्याचा वास घेतला आणि म्हणाले, "आता वास नाय. म्हंजे झालं." तिने शिरा करून नेला. मासा सोडायचा मान त्यांनी तिला दिला. दोन दिवसांत तो तिच्या बोटापाशी येऊ लागला. ती घरी येऊन मला सांगायची, आज वर आला, आज दगडामागे लपला. मी हूं म्हणायचो. खरं तर तिचं हे बोलणं मला हवं होतं. मासा कुणाचा होता, एवढंच नडत होतं.

नाशिकला त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. चार दिवसांसाठी जायचं होतं. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली, बायकोच्या नाही. "वहिनींना गुडघ्याचा त्रास. तुमीच बघा. दोन दाने सकाळी, दोन सांजेला. पान्याला मात्र हात नको."

दुसऱ्या दिवशी बायको टाकीसमोर बसून म्हणाली, काच जरा हिरवट दिसतेय, नाही? एवढंच म्हणाली. त्यात मागणी नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी, ती झोपली असताना, मी किल्ली घेऊन समोर गेलो. मासा बरणीत काढला. टाकी रिकामी केली. मीटर रूममध्ये सोसायटीची पाण्याची टाकी धुवायला ठेवलेली ब्लीचिंग पावडर असते, तिची किल्ली माझ्याचकडे. त्या पावडरीने मी काच घासली, खडी घासली, स्पंज पिळून धुतला. दगड नारळाच्या काथ्याने घासला. तो खालून इतका पांढरा निघेल असं वाटलं नव्हतं. मग सगळं दोनदा खळबळून नळाचं पाणी थेट भरलं आणि मासा आत सोडला.

मासा मारायचा माझा हेतू नव्हता. हे मी माझ्या बाजूने म्हणून लिहीत नाही. हेतू काय होता तेही लिहितो. चार वाजता ती येईल, लखलखीत टाकी बघेल आणि विचारेल, कुणी केलं हे? एवढं मला ऐकायचं होतं.

ती आली. "अगंबाई, किती स्वच्छ," म्हणाली आणि खाली वाकली. "पण हा असा कोपऱ्यात का बसलाय?"

मी म्हणालो, थोडं पाणी बदललंय, त्याला सवय होईल.

सकाळी मासा तरंगत होता. निळा रंग पार उडाला होता. मी टाकीसमोर उभा असतानाच वरच्या मजल्यावरचे शेजारी डोकावले आणि म्हणाले, "त्या तळ्यातल्या दगडाने काहीतरी रोग आणला असणार." मला उत्तर द्यायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मी म्हणालो, "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो."

संध्याकाळपर्यंत इमारतीत हीच गोष्ट झाली होती. बायकोनेही ती धरली. तिला पावडरीचं कुठे माहीत होतं?

पाचव्या दिवशी ते परत आले. मी त्यांना जिन्यातच सांगितलं. ते पिशवी खाली न ठेवता टाकीपाशी गेले. बोट बुडवलं. नाकाशी नेलं. या वेळी डोळे मिटले नाहीत. मग बाही वर करून त्यांनी दगड बाहेर काढला आणि त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभा होतो. माझ्या मागे, भिंतीला धरून, माझी बायको.

टँकरमध्ये चिमूटभर जास्त पडलेली पावडर ओळखणारा माणूस तो. त्याला तिथे काय कळलं, हे मला त्याच क्षणी कळलं. मी वाट पाहत राहिलो.

त्यांनी माझ्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, माज्याकडनंच चुकलं. बावखलाचा दगड आनायला नव्हता पायजे."

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या हो. होतं असं."

त्यांनी दगड टाकीत परत ठेवला. पाणी काढून टाकलं. नवा मासा आणला नाही. बायकोचं चारला जाणं आपोआप थांबलं. हसणंही थांबलं.

महिनाभराने टँकर आला. नेहमीसारखे ते जिना उतरत होते. खाली कुणीतरी म्हणालं, आणि म्हणणारा वाईट माणूस नाही, नुसती गंमत करत होता, "काकांना कशाला बोलावता? त्यांच्या पाण्यात मासा जगला नाही, आपण काय जगणार?" सगळे हसले. मी हसलो की नाही, ते आठवत नाही असं लिहिणार होतो. हसलो.

ते शेवटच्या वळणावर थांबले, कठड्यावर हात ठेवला आणि परत वर गेले. पुन्हा कधी टँकरपाशी आले नाहीत. बादली माझ्यासमोर येऊ लागली. मला जन्माची सर्दी आहे. कसलाच वास येत नाही. तरी मी बोट बुडवायचो, नाकाशी न्यायचो, डोळे मिटायचो आणि म्हणायचो, "चालेल." तीन वर्षं इमारतीने माझ्या नाकावर पाणी प्यायलं. त्यात एकदा चौघांना जुलाब झाले. मी टँकरवाल्याला दोष दिला.

ते त्यानंतरही माझ्याशी तसेच वागले. नाताळला कुसवारचं, म्हणजे घरच्या गोड फराळाचं, ताट पाठवायचे. जिन्यात भेटले की "काय सेक्रेटरी?" म्हणायचे. ते दोन शब्द ऐकू येऊ नयेत म्हणून मी लिफ्टने जायला लागलो.

गेल्या डिसेंबरात ते गेले. छातीत दुखलं आणि दुपारपर्यंत संपलं. चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसलो. पुढे त्यांच्या पुतण्याने फ्लॅट रिकामा केला तेव्हा टाकी आमच्या दाराशी आणून ठेवली. म्हणाला, काका सांगून गेलेत, ही समोरच्या वहिनींना द्या. आत तो दगड होता. अजून पांढरा.

बायकोने टाकी पुसली. पंप कोरडा चालवून पाहिला. मग मला म्हणाली, आपण एक मासा आणू या का? आणि लगेच पुढे म्हणाली, "पण तुम्ही नळाचंच पाणी भरा हं. भाऊंचं ते तळ्याचं नको. माणूस देवासारखा, पण पाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं."

मी खुर्चीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. पावडर, काथ्या, दगड, दारात उभं राहिलो तो क्षण. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर बराच वेळ पदराचं टोक दुमडत बसली. मग म्हणाली, "मला सांगून काय होणार? खाली जाऊन सांगा."

पुढचा टँकर आला तेव्हा मी खाली गेलो. बादली समोर आली. मी बोट बुडवलं नाही. जमलेल्यांना म्हणालो, तो मासा बावखलाच्या दगडाने मेला नव्हता, माझ्या ब्लीचिंग पावडरने मेला. आणि मला वास येत नाही, कधीच येत नव्हता. एक तरुण रहिवासी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. मासाच होता ना." टँकरचा पाइप जोडला गेला. दोन जण तर नवीन राहायला आलेले. कोण मासा, कुणाचा दगड, त्यांना ठाऊकच नव्हतं. ज्याचं नाव मी बुडवलं होतं, त्या नावाला ओळखणारेच आता थोडे उरलेत. म्हणून हे लिहून ठेवलं.

दगड मी गोणपाटात गुंडाळून भिंतीपलीकडे नेला आणि बावखलात ठेवून आलो. दोन महिन्यांनी काढला तेव्हा त्यावर हिरवी साय धरली होती. आता तो आमच्या टाकीत आहे. पाणी दिवसभर उघडं ठेवून भरलं. मासा नाही. सहावा आठवडा चालू आहे.

रोज दुपारी चारला ती टाकीपाशी येते, डाव्या हाताचं मधलं बोट बुडवते आणि नाकाशी नेते. मी शेजारी उभा असतो. काल मी विचारलं, झालं का?

तिने बोट पदराला पुसलं. "अजून नाही," म्हणाली.